सातनंतर फोन कपाटात

आमच्या सोसायटीच्या कॅरम स्पर्धेचा अर्ज ऋतिकाने सहीसाठी माझ्यापुढे ठेवला, तेव्हा 'जोडीदार' या रकान्यात माझं नाव होतं, पण पेन्सिलने. खालच्या 'राखीव जोडीदार' या रकान्यात मात्र 'हितेशकाका' असं निळ्या शाईने, दोनदा गिरवून लिहिलेलं होतं.

"हे असं का?" मी विचारलं.

"पेन्सिल खोडता येते," माझी अकरा वर्षांची मुलगी म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बाप म्हणून चार शब्द सुनावण्याची सोय झाली असती. तिने हे निव्वळ नियोजन म्हणून केलेलं होतं, आणि नियोजनापुढे बापाचं काही चालत नाही.

मागच्या वर्षी उपांत्यपूर्व फेरीच्या वेळी मी "दोन मिनिटांत आलो" म्हणून फोन घेऊन जिन्यात गेलो आणि चाळीस मिनिटांनी परत आलो. तोवर समोरच्या जोडीला पुढे चाल मिळून ती घरी जाऊन जेवलीसुद्धा होती. ऋतिका तेवढी बोर्डापाशी बसून होती, पावडरीने पांढरी झालेली बोटं मांडीवर ठेवून. मला अजूनही जेवताना ती बोटं आठवतात.

माझं काम काही देशाच्या सीमेवरचं नाही. ठाण्यात कोलशेतला आमच्या कंपनीचं ऑफिस आहे आणि बाटल्यांना झाकणं बसवणारी यंत्रं आम्ही विकतो. मी तिथे सीनियर मॅनेजर आहे. माझ्या हाताखाली कोणी नाही, वर मात्र भरपूर आहेत. त्यातले सगळ्यात जवळचे प्रीतम सर. दोन दिवस कोलशेतला जायचं आणि बाकीचे दिवस डोंबिवलीत घरून काम, अशी व्यवस्था आहे. घरून काम करण्यात एकच अडचण असते, ती म्हणजे ऑफिस सुटत नाही. संध्याकाळी साडेसातला, आठला, सव्वाआठला प्रीतम सरांचा फोन यायचा आणि मी उभा राहून बोलायचो. बसून बोललो असतो तरी त्यांना दिसलं नसतं. रात्रभर एखादी बाटली उघडी राहिली म्हणून आजवर कोणी दगावल्याचं माझ्या ऐकिवात नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण कळणं वेगळं आणि फोन न उचलणं वेगळं.

"अट काय आहे?" मी अर्जावर सही करत विचारलं.

"मॅच साडेसातला असतात. एकदा जरी तू आला नाहीस, तर खोडरबर," ऋतिका म्हणाली.

"आणि मी आलो, पण लक्ष फोनमध्ये असलं तर?"

"तरी खोडरबर."

तेव्हा मी जाहीर केलं की आजपासून संध्याकाळी सात म्हणजे सात. सातनंतर ऑफिस बंद, फोन बंद. माझी बायको विनिता भाजी निवडत होती. ती म्हणाली, "बरं." पंधरा वर्षांच्या संसारात या 'बरं'चे अर्थ मी शिकलो आहे. हा त्यातला सगळ्यात अपमानकारक होता.

पहिल्या दिवशी मी फोन बंद करून टेबलावर ठेवला. सात वाजून चार मिनिटांनी तो माझ्या हातात होता आणि चालू होता. मधल्या चार मिनिटांत काय घडलं, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. दुसऱ्या दिवशी तो माळ्यावर टाकला. माळ्यावर चढायला स्टूल लागतं, स्टूल गॅलरीत असतं, म्हणजे माणसाला विचार करायला वेळ मिळतो, असा त्यामागे तर्क होता. मी नऊ वेळा चढलो. दहाव्यांदा विनिताने सांगितलं की चढतोच आहेस तर दिवाळीचे कंदील खाली काढ. तिसऱ्या दिवशी तो तांदळाच्या डब्यात, तळाशी पुरला. सव्वासातला तांदूळ गुरगुरायला लागले. मी कोपरापर्यंत हात घालून फोन काढला, कानाला लावला आणि म्हणालो, "बोला सर." रात्री झोपेपर्यंत माझ्या शर्टाच्या बाहीतून आंबेमोहोर पडत होता.

आमच्याकडे अडचण एकाची असली तरी सल्ल्याचा हक्क सगळ्या इमारतीला असतो. हितेश तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि शाळेत चित्रकला शिकवतो. चारला सुटतो, पाचला घरी असतो. चेहऱ्यावर कायम झोप पूर्ण झालेली. तो म्हणाला, "मुकुल, मनात एक निळा समुद्र आण. फोन वाजला की तो समुद्रात सोडून दे." हे सांगताना तो हाताची बोटं उगाच मोडत होता. स्ट्रायकरसाठी मोकळी करत होता, हे न कळण्याइतका मी भोळा नाही.

सोसायटीचे सेक्रेटरी कुंडलिकराव ढमाले म्हणजे सरकारी खात्यातून निवृत्त झालेला, पण खातं अजून आतून न गेलेला माणूस. ते म्हणाले, "वस्तू स्वतःच्या ताब्यात ठेवून स्वतःवर जप्ती आणता येत नाही, पेडणेकर. त्रयस्थ इसम पाहिजे."

त्रयस्थ इसम तळमजल्यावरच निघाला. शालूआजी भोईर या आमच्या इमारतीच्या मूळ पुरुष. जिथे आज इमारत उभी आहे तिथे पूर्वी त्यांची भातशेती होती. माझी बेडरूम ज्या जागेवर आहे तिथे उत्तम पीक यायचं, असं त्यांनी मला दोन-तीनदा ऐकवलेलं आहे. त्यात आता तिथे काय पिकतं, हा प्रश्न असतो, आणि मी तो टाळतो. त्यांच्याकडे लग्नात आलेलं एक लोखंडी कपाट आहे. त्याची किल्ली आजींच्या कमरेला असते.

"आन इकडं," आजी हात पुढे करून म्हणाल्या. "सकालला सहाला दूध आनायला उतरशील तवा घेऊन जा. मी नवाला झोपतंय. मधे मांगायला आलास त मिलनार नाय."

"मागणार नाही," मी म्हणालो.

"बायकोची शप्पथ घे."

"माझी नको. कॅरमची घ्यायला सांगा," विनिता मागून म्हणाली.

हे इतक्यावर थांबलं असतं तर कुंडलिकराव कुंडलिकराव राहिले नसते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी लांबलचक वही आणून आजींच्या दारात टेबल मांडलं. वहीवर 'भ्रमणध्वनी आवक-जावक नोंद' असं लिहून लाल रेघा मारलेल्या होत्या. अनुक्रमांक, सदनिका, फोनचा रंग, ओरखडे असल्यास संख्या, जमा वेळ, परत वेळ, सही. शिवाय अर्ज दोन प्रतींत. अर्जात 'प्रयोजन' असा रकाना होता. मी 'कॅरम' लिहिलं. त्यांनी ते लाल पेनने कापलं.

"'कौटुंबिक कारण' लिहा. कॅरमला आधार नाही," ते म्हणाले.

"अहो, स्पर्धा तुम्हीच भरवताय."

"स्पर्धेला आहे. कॅरमला नाही."

मी 'कौटुंबिक कारण' लिहिलं. मग ओरखडे मोजले. माझ्या मते तीन होते, त्यांच्या मते पाच. आजींनी भिंग आणवलं. चार ठरले.

आणि गंमत अशी की जमलं. सात वाजता फोन कपाटात गेला, दार धाडकन लागलं, किल्ली कमरेला गेली आणि मला एकदम हलकं वाटलं. शाळा सुटल्यावर दप्तर भिरकावून द्यायचो तेव्हा असंच वाटायचं. पार्किंगमध्ये मांडलेल्या बोर्डाशी मी सव्वासातलाच जाऊन बसलो. ऋतिका समोरच्या खुर्चीवर येऊन बसली, मला तिने खालून वर पाहिलं आणि पावडर टाकली. पहिली मॅच आम्ही जिंकलो. म्हणजे ती जिंकली, मी तिच्या आड आलो नाही.

पण त्याहून मोठा चमत्कार दुसऱ्या दिवशी सकाळी घडला. फोन हातात घेऊन मी डोळे अर्धे मिटून पडदा बघितला, तर एकही मिस्ड कॉल नव्हता. तिसऱ्या दिवशीही नाही, चौथ्या दिवशीही नाही. मी विनिताला म्हणालो, "बघितलंस? माणसाने नुसतं मनात पक्कं करायचा अवकाश, समोरच्यापर्यंत ते आपोआप पोचतं. सरांनी फोन करणंच सोडलं."

"बरं," विनिता म्हणाली.

माझं पाहून बाकीचे जागे झाले. आठवड्याभरात कपाटात अकरा फोन झाले. आजींनी साड्या एका खणात सरकवल्या. सोसायटीत भलतेच आवाज ऐकू यायला लागले. लोक संध्याकाळी एकमेकांशी बोलायला लागले आणि त्यातून दोन जुनी भांडणं नव्याने सुरू झाली. आम्ही आणखी दोन मॅच जिंकून उपांत्य फेरीत आलो. मी सगळ्यांना फुकट मार्गदर्शन करत हिंडत होतो. 'काम आणि मी' या विषयावर हितेशला मी वीस मिनिटं सांगितलं. त्याला नक्की समुद्र आठवला असेल.

उपांत्य सामना नवरात्रातल्या अष्टमीला होता. सात वाजता फोन जमा केला, सही केली. आजी नवी साडी नेसून बसल्या होत्या. कपाट लावून, किल्ली खोचून त्या सुनेबरोबर गाडीत बसल्या आणि ठाण्यात टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाला गेल्या. सव्वासातला गॅस सिलेंडर खांद्यावर घेऊन जगन आला.

"कोड सांगा," जगन म्हणाला.

गॅसचं पुस्तक माझ्या नावावर आहे आणि नंबरही माझाच आहे. कोड माझ्या फोनवर आला होता. फोन कपाटात होता, किल्ली टेंभी नाक्याला होती आणि घरात कुकर अर्ध्या शिट्टीवर विझला होता.

"कोडशिवाय नाही देता येत," जगन म्हणाला. "मी काय करू, सिस्टीम आहे."

मी कुंडलिकरावांकडे धावलो. ते शांत होते. अशा प्रसंगासाठीच माणूस नियम करतो, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता.

"दुसरी किल्ली आहे," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी मी आजींकडून घेतली आणि सोसायटीच्या कार्यालयातल्या कपाटात कुलूपबंद ठेवली."

"मग द्या."

"त्या कपाटाची किल्ली सुरक्षित राहावी म्हणून एका जबाबदार व्यक्तीकडे ठेवली आहे."

"कोणाकडे?"

कुंडलिकरावांनी वही उघडून नोंद बघितली. "शालूआजींकडे," ते म्हणाले.

साडेसात व्हायला दोन मिनिटं होती. हितेश खुर्चीच्या मागे येऊन उभा होता आणि पावडरीच्या डब्याचं झाकण उघडून, नुसतं बघत होता. वरून गॅलरीतून विनिता विचारत होती की आता जेवायचं काय. जगनला जायची घाई होती. आणि समोर ऋतिका, एका हातात स्ट्रायकर आणि दुसऱ्या हातात, मी शपथेवर सांगतो, खोडरबर.

मी खुर्चीत बसलो. आयुष्यात पहिल्यांदा एक काम अर्धवट टाकून मी बसलो. विनिताने वरून पाहिलं, आत गेली आणि थोड्या वेळाने पोहे भिजवून, दही-साखर घालून बाऊलसकट खाली आली. जगनने सिलेंडर खांबाला टेकवला आणि 'एक बोर्ड बघून जातो' म्हणून त्याच्यावरच बसला. तीन बोर्ड बघितले. मधेच म्हणाला, "साहेब, तुम्ही जोर फार लावता. सोंगटी आहे, सिलेंडर नाही." त्याचं ऐकलं आणि दोन सोंगट्या लागोपाठ गेल्या. आम्ही फायनलमध्ये गेलो. आजी येईपर्यंत जगन थांबला नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सिलेंडर घेऊन आला तेव्हा कोडच्या आधी त्याने स्कोअर विचारला.

ही सगळी मजा सकाळी सहापर्यंत टिकली. फोन हातात घेतला, तर प्रीतम सरांचे चौदा मिस्ड कॉल.

दहा दिवस एकही नाही आणि एका संध्याकाळी चौदा. म्हणजे काहीतरी भयंकर झालं होतं. देशातल्या समस्त बाटल्यांची झाकणं एकाच वेळी उडाली असावीत. मी विनिताला घराचे हप्ते किती राहिलेत ते विचारलं आणि कोलशेतला गेलो. सरांनी केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"काल काय झालं?" ते म्हणाले.

"सर, मी समजावून सांगतो—"

"आजी बऱ्या आहेत ना?"

मी "हो" म्हणालो. कोणत्या आजी, हा प्रश्न मला त्यानंतर पडला.

"मग फोन का नाही उचलला? रोज पहिल्या रिंगला उचलतात. मी चौदा वेळा केला. मला रात्रभर नीट झोप नाही. त्यांच्या गुडघ्याचं काही...?"

हळूहळू उलगडा झाला. पहिल्या दिवशी सव्वासातला त्यांनी तावातावाने फोन केला होता. समोरून आवाज आला, "कोन रं तू? जेवलास का?" सर म्हणाले, नाही. त्यावर आजी म्हणाल्या, "मंग आदी जेव. मंग भांड." सर कोलशेतला चोविसाव्या मजल्यावर एकटे राहतात. बायको-मुलं पुण्याला असतात. संध्याकाळी जेवलास का, असं त्यांना कैक वर्षांत कोणी विचारलेलं नव्हतं. त्यांनी फोन ठेवला आणि खिचडी टाकली. दुसऱ्या दिवशी खिचडी टाकल्याचं सांगायला फोन केला. तिसऱ्या दिवशी आजींनी त्यांना फोनवरून वालाचं बिरडं शिकवलं. चमत्कार कसला, रोज माझ्याच फोनवरून माझा साहेब माझ्याच इमारतीत तास-तासभर गप्पा मारत होता. उचललेला फोन मिस्ड कॉलमध्ये दिसत नाही, एवढी साधी गोष्ट मला कळली नव्हती.

"तुम्ही मला घाबरता म्हणे," सर एकदम म्हणाले.

"छे, सर."

"उभं राहून बोलता म्हणे फोनवर." मी केबिनमध्ये उभाच होतो. "आणि स्ट्रायकर फार जोरात मारता."

अब्रू जायला एक तास पुरतो, माझी दहा दिवस हप्त्याहप्त्याने गेली होती. घरी आल्यावर मी थेट आजींच्या दारात गेलो आणि माझे फोन का उचलले म्हणून विचारलं. त्या वाल सोलत होत्या.

"वाजनारा फोन उचलायचा नाय त काय करायचं? दारावर मानूस आला त दार नाय उघडायचं? आनि तुना कवा सांगितलं मी, की उचलनार नाय?" आजी म्हणाल्या.

"पण मी त्यांना घाबरतो, असं सांगितलंत तुम्ही."

"मंग नाय घाबरत?"

मी वाल सोलायला बसलो. दुसरं काय करणार.

फायनल कोजागिरीला होती. त्या दिवशी दुपारी चारला प्रीतम सरांचा मेल आला. नाशिकची पार्टी, संध्याकाळी सात ते साडेआठ ऑनलाइन मीटिंग, सगळ्यांनी हजर राहणे. मी मेल तीनदा वाचला. मग ऋतिकाच्या खोलीत डोकावलो. टेबलावर अर्जाची आमची प्रत होती. पेन्सिलीतलं माझं नाव अजून जागेवर होतं. बाजूला खोडरबर पडलेलं होतं, नवंकोरं, एकही कोपरा न झिजलेलं. तिने ते अजून एकदाही वापरलं नव्हतं आणि वापरायची तिची इच्छाही नव्हती, हे मला त्या क्षणी कळलं.

मी सरांना फोन लावला. बसून.

"सर, सातनंतर माझा फोन कपाटात असतो," मी म्हणालो. "आज माझ्या मुलीबरोबर माझी फायनल आहे. मी मीटिंगला नसेन. नाशिकवाल्यांना लागणारे सगळे आकडे मी सहापर्यंत पाठवतो."

ते बोलेपर्यंत मी एकदा उभा राहिलो आणि परत बसलो.

"ठीक आहे," सर म्हणाले आणि फोन ठेवला.

'ठीक आहे' या शब्दांचे किती अर्थ होतात, ते मी विनिताला विचारलं. ती 'बरं' म्हणाली नाही. ती जवळ आली आणि माझ्या कॉलरला लागलेली पावडर झटकत म्हणाली, "छान केलंस." पंधरा वर्षांत 'बरं'च्या जागी दुसरा शब्द आला, याची मी मनातल्या मनात नोंद केली, दोन प्रतींत.

सहाला आकडे पाठवले. सातला फोन जमा केला. पार्किंगमध्ये सगळी सोसायटी लोटली होती, एका बाजूला मसाला दुधाचं पातेलं चढलं होतं. फायनलला आमच्यासमोर कुंडलिकराव आणि त्यांची सून संचिता होते. सलग सहा वर्षांचे विजेते. कुंडलिकराव खेळाडूही होते आणि पंचही होते, आणि दोन्ही पदांचा परस्परांशी संबंध नसल्याचं पत्र त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेलं होतं.

सात वाजून वीस मिनिटांनी फाटकातून एक गाडी आत आली आणि तिच्यातून प्रीतम सर उतरले. खांद्याला लॅपटॉपची बॅग होती.

ऋतिकाने त्यांच्याकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. हितेश पावडरीचा डबा घेऊन कधी माझ्यामागे आला ते कळलं नाही. सर बोर्डापाशी आले, मला ओलांडून पुढे गेले आणि सरळ आजींच्या दारातल्या टेबलाशी उभे राहिले.

"फोन जमा करायचा आहे," ते म्हणाले.

"सभासद आहात?" कुंडलिकरावांनी खुर्चीतूनच विचारलं.

"नाही."

"मग पाहुणा म्हणून अर्ज. दोन प्रती. प्रयोजन?"

सरांनी क्षणभर विचार केला. "कॅरम," ते म्हणाले.

"कौटुंबिक कारण लिहा," सगळी सोसायटी एकदम म्हणाली.

"मीटिंग, सर?" मी कसंबसं विचारलं.

"नाशिकवाल्यांना सांगितलं, सातनंतर आमच्याकडे कपाट बंद होतं. सकाळी दहाला ठेवली आहे." मग बॅग उघडून त्यांनी स्टीलचा डबा काढला आणि आजींपुढे धरला. "बिरडं केलंय. मीठ जरा बघा."

आजींनी त्यांना आपादमस्तक पाहिलं. दोघांनी एकमेकांना आज पहिल्यांदाच पाहिलं होतं. "किती वालला रं तू, नुसती हाडं," त्या म्हणाल्या. "बस इकडं."

खेळाचं वर्णन मी थोडक्यात करतो, कारण त्यात माझा वाटा थोडका होता. ऋतिका खेळत होती. मी जगनचं वाक्य मनात म्हणत होतो, सोंगटी आहे, सिलेंडर नाही. शेवटचा बोर्ड आला तेव्हा कुंडलिकरावांचे तेवीस होते आणि आमचे एकवीस. बोर्डावर त्यांची एक काळी, आमची एक पांढरी आणि मधे राणी. राणी घेऊन पांढरीचं कव्हर दिलं, तर राणीचे तीन आणि उरलेल्या काळीचा एक धरून पंचवीस, म्हणजे डाव आमचा. नाही दिलं, तर पुढच्या हातात संचिता काही सोडणार नव्हती. आणि पाळी माझी.

मी डावीकडच्या पॉकेटवर नेम धरला आणि राणी उजवीकडच्या पॉकेटात गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी असा चेहरा केला की तसंच ठरलं होतं.

आता कव्हर. पांढरी सोंगटी पॉकेटाच्या तोंडाशी होती. फुंकर मारली तरी गेली असती. मी स्ट्रायकर ठेवला, बोट लावलं आणि तेवढ्यात आजींच्या उघड्या खिडकीतून आवाज आला. लोखंडी कपाटात फोन थरथरत होता. सगळं कपाट गुरगुरत होतं. माझं बोट थांबलं. मान आपोआप वळली. घशाशी 'बोला सर' येऊन बसलं. दहा वर्षांची सवय सतरा दिवसांत कुठे जाणार. गुडघे सरळ व्हायला लागले आणि मी खुर्चीतून उठतोय, हे मला दुसऱ्याच कोणाचं तरी दिसावं तसं दिसत होतं.

"बाबा," ऋतिका समोरून हळूच म्हणाली. "तुझा नाहीये. तुझे सर इथे बसलेत."

मी पाहिलं. प्रीतम सर खुर्चीतून अर्धे उठले होते. थेट माझ्यासारखे, गुडघे अर्धे सरळ, मान कपाटाकडे, चेहऱ्यावर तीच अजिजी. सरांच्याही वर कोणीतरी आहे, हे मला तोवर खरं वाटलं नव्हतं. मला त्या माणसाबद्दल एकदम माया वाटली.

"खाली बस," आजी म्हणाल्या. कोणाला म्हणाल्या ते कळलं नाही. आम्ही दोघेही बसलो.

कपाट गुरगुरत राहिलं. मी सोंगटी ढकलली, अगदी हलक्या हाताने. ती थोडी रेंगाळली आणि पडली.

मग जे झालं ते सगळं नीट आठवत नाही. हितेशने पावडरीचा डबा हवेत उडवला आणि त्यात आम्ही सगळे पांढरे झालो, हे नक्की. राखीव असूनही तो मनापासून नाचला, आणि समुद्राबद्दल मनात आलेलं सगळं मी मागे घेतलं. कुंडलिकरावांनी खेळाडू म्हणून हार मानली आणि पंच म्हणून निकाल जाहीर केला, मधे चष्मा बदलून. ऋतिका टेबलाला वळसा घालून धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. अकराव्या वर्षी मुली चारचौघांत असं करत नाहीत. मी तिला खाली ठेवलंच नाही. दुधाचा पेला हातात आला तेव्हाही ती कडेवरच होती आणि माझी कंबर दुसऱ्या दिवशीपर्यंत बोलत होती.

सर दूध पीत आजींच्या पायाशी बसले होते. बिरड्यात मीठ जास्त झालं होतं, ते आजींनी सगळ्यांसमोर सांगितलं. त्यांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

आठवड्याने कुंडलिकरावांनी पुढच्या वर्षीचे अर्ज आताच वाटून टाकले, कारण नंतर घाई होते. ऋतिकाने आमचा भरला आणि सहीसाठी माझ्यापुढे ठेवला. 'जोडीदार' या रकान्यात 'बाबा' होतं, निळ्या शाईने, दोनदा गिरवून. मी बराच वेळ ते बघत बसलो. मग खाली नजर गेली. 'राखीव जोडीदार' या रकान्यात 'प्रीतमकाका, कोलशेत' असं लिहिलेलं होतं.

पेन्सिलने.